स्कॅन केलेल्या कागदांची बारकोडने अनुक्रमणिका: कामाचा क्रम, तपासण्या आणि नेहमीच्या चुका

भोसरी-चाकणच्या कारखान्यांची कार्यालये असोत की सदाशिव पेठेतील करसल्लागारांची, बारकोड वाचणारे सॉफ्टवेअर घेऊनही कागद सापडत नाहीत ही तक्रार सगळीकडे सारखीच ऐकू येते. कारण बहुधा क्रमात असते. आधी सॉफ्टवेअर घेतले जाते, मग लेबले छापली जातात, ती जागा मिळेल तिथे चिकटवली जातात आणि क्रमांकाचा विचार सर्वांत शेवटी होतो. हा क्रम नेमका उलटा हवा, कारण अनुक्रमणिका अचूक होणार की नाही हे कागद स्कॅनरमध्ये जाण्यापूर्वीच ठरलेले असते.

न वाचला गेलेला बारकोड ही फार मोठी अडचण नव्हे, कारण तो माणसाला दिसतो आणि दुरुस्त करता येतो. चुकीचा वाचला गेलेला, किंवा न वाचताच पुढे सरकलेला बारकोड मात्र कोणाच्याही लक्षात येत नाही आणि तो कागद असूनही नसल्यासारखा होतो. पुढील सर्व टप्पे ही दुसरी शक्यता बंद करण्यासाठी आहेत. उदाहरणासाठी सुटे भाग पुरवणाऱ्या एका कारखान्याचे कागद घेतले आहेत: ग्राहकाच्या गेटवरून शिक्का घेऊन परत आलेली डिलिव्हरी चलाने, टॅक्स इन्व्हॉइस, तपासणी अहवाल आणि खरेदी ऑर्डरी.

टप्पा १: एक दस्तऐवज म्हणजे किती कागद, हे आधी ठरवा

चलानाला तपासणी अहवाल आणि काट्याची पावती जोडलेली असते. या तिन्हींना मिळून एक क्रमांक द्यायचा की तीन? हा निर्णय स्कॅनिंगला बसलेल्या मुलावर सोडला, तर सोमवारी एक पद्धत आणि गुरुवारी दुसरी असे होते. सोपा नियम असा की जो कागद पुढे कोणीतरी स्वतंत्रपणे मागणार आहे त्याला स्वतंत्र क्रमांक द्यावा. ग्राहकाचा गुणवत्ता विभाग फक्त तपासणी अहवाल मागतो, म्हणून त्याला वेगळा क्रमांक हवा. काट्याची पावती चलानाशिवाय कोणी मागत नाही, म्हणून ती चलानाच्या मागे राहू द्यावी.

हे नियम एका पानावर लिहून स्कॅनरच्या शेजारी भिंतीवर लावावेत.

टप्पा २: क्रमांकाची रचना

बारकोडात फक्त क्रमांक असावा. पक्षकाराचे नाव, तारीख, रक्कम असे काही त्यात घालण्याचा मोह टाळावा, कारण ती माहिती नोंदवहीत दुरुस्त करता येते, चिकटवलेल्या लेबलावर येत नाही. कोड ३९ आणि कोड १२८ या उभ्या रेघांच्या बारकोडच्या दोन्ही प्रकारांत देवनागरी अक्षरे थेट बसतही नाहीत. क्यूआर कोडात ती बसू शकतात, पण वाचणाऱ्या सॉफ्टवेअरने अक्षरसंच चुकीचा गृहीत धरला की नावाच्या जागी निरर्थक चिन्हे येतात.

या उदाहरणासाठी दहा अंकी क्रमांक पुरेसा आहे. पहिले दोन अंक दस्तऐवजाच्या प्रकाराचे, पुढचे दोन आर्थिक वर्षाचे, नंतरचे पाच अनुक्रमाचे आणि शेवटचा पडताळणीचा. प्रकारांचे क्रमांक ०१ पासून न देता ११ पासून द्यावेत, म्हणजे कोणताही क्रमांक शून्याने सुरू होणार नाही. एक्सेल सुरुवातीचे शून्य गिळून टाकते आणि मग दहा अंकी बारकोड नऊ अंकी नोंदीशी जुळत नाही. ही चूक इतक्या ठिकाणी होते की ती रचनेतूनच काढून टाकणे शहाणपणाचे. क्रमांकात आडव्या रेघाही घालू नयेत, कारण ११-२५ असे काही दिसले की एक्सेल त्याची तारीख किंवा महिना करण्याच्या खटपटीला लागू शकते.

पडताळणीचा अंक लून पद्धतीने काढावा. बँकांच्या कार्डांच्या क्रमांकांत हीच पद्धत वापरतात. समजा चलानांचा प्रकार १३, वर्ष २५ आणि अनुक्रम ००४१७ आहे, म्हणजे १३२५००४१७. उजवीकडून पहिला, तिसरा, पाचवा अशा एकाआड एक अंकांची दुप्पट करावी, दुप्पट दोन अंकी आली तर तिच्या अंकांची बेरीज घ्यावी आणि उरलेले अंक जसेच्या तसे मिळवावेत. इथे एकूण २८ येतात. पुढच्या दहाच्या पाढ्यापर्यंत पोहोचायला २ कमी पडतात, म्हणून पूर्ण क्रमांक १३२५००४१७२ झाला. कोड १२८ मध्ये स्वतःचा पडताळणी अंक सक्तीने असतोच, मग हा वेगळा कशासाठी, असा प्रश्न रास्त आहे. बारकोड न वाचला गेल्यास माणूस तो क्रमांक हाताने टंकित करतो आणि त्या वेळी बारकोडच्या आतला पडताळणी अंक काहीच मदत करत नाही. एखादा अंक चुकला तर लून पद्धत तो हमखास पकडते, आणि शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले तर एक अपवाद वगळता तेही पकडते. तो अपवाद ० आणि ९ या जोडीचा.

सावधान: या लेखात अंक देवनागरीत छापले आहेत, पण बारकोडात जाणारे अंक इंग्रजीतलेच (0 ते 9) हवेत. मराठी कीबोर्ड चालू ठेवून टंकलेले अंक डोळ्यांना बरोबर दिसतात आणि बारकोड तयार करताना मात्र अडतात.

टप्पा ३: प्रकार आणि आकार

आतून केवळ अंक असतील तर कोड १२८ निवडावा. त्याच्या ‘सी’ संचात दोन अंक एका चिन्हात मावतात, त्यामुळे दहा अंकी क्रमांकाचा बारकोड ९० एककांत संपतो. एकक म्हणजे सर्वांत अरुंद रेघेची रुंदी. दोन्ही बाजूंना प्रत्येकी दहा एककांची कोरी जागा धरली की एकूण ११० एकके होतात. अरुंद रेघ ०.३७५ मिलिमीटर घेतली तर एकूण लांबी सुमारे ४१ मिलिमीटर भरते आणि ५० बाय २५ मिलिमीटरच्या लेबलावर ती निवांत बसते.

रेघेची रुंदी ०.३७५ मिलिमीटरच का, हेही समजून घ्यावे. नेहमीच्या २०३ डीपीआयच्या (इंचाला २०३ ठिपके) लेबल प्रिंटरचा एक ठिपका साधारण ०.१२५ मिलिमीटरचा असतो, म्हणजे ही रुंदी बरोबर तीन ठिपक्यांची होते. रुंदी अडीच ठिपक्यांची मागितली तर प्रिंटर कुठे दोन आणि कुठे तीन ठिपके देतो, आणि रेघांचे परस्परप्रमाण बिघडते. वर्डमध्ये बारकोडचे चित्र कोपऱ्याला धरून लहान-मोठे केले की नेमके हेच घडते. दुसऱ्या टोकाला, ३०० डीपीआयवर स्कॅन केल्यास हीच रेघ चार पिक्सेलांहून थोडी अधिक जागा घेते. २०० डीपीआयवर ती जेमतेम तीन पिक्सेलांची उरते, आणि कागद किंचित तिरका गेला की वाचन डळमळू लागते.

फॉन्ट वापरून बारकोड करणाऱ्यांसाठी दोन सूचना. कोड ३९च्या फॉन्टमध्ये क्रमांकाच्या आधी आणि नंतर तारांकन द्यावेच लागते, नाहीतर रेघा दिसतात पण बारकोड होत नाही. कोड १२८चा फॉन्ट नुसता क्रमांकाला लावून चालत नाही. आरंभ, पडताळणी आणि अंत ही चिन्हे गणित करून घालावी लागतात. त्यासाठी लेबल छापण्याचे सॉफ्टवेअर वापरणेच बरे.

टप्पा ४: लेबलांची छपाई

उष्णतेने काळी होणारी, रिबनशिवाय छापली जाणारी लेबले स्वस्त पडतात, पण ऊन, उष्णता आणि काळ यांनी ती फिकी किंवा काळपट होतात. टेम्पोच्या डॅशबोर्डवर दुपारभर तापलेले चलान परत येते तेव्हा त्यावरचा बारकोड करडा झालेला असतो. वर्षानुवर्षे जपायच्या कागदांसाठी रिबनवर छापणारा प्रिंटर किंवा साधा लेझर प्रिंटर वापरावा. अप्पा बळवंत चौकात मिळणारे ए-४ आकाराचे लेझर स्टिकरचे ताव लहान कामाला पुरतात; मात्र एकदा प्रिंटरमधून गेलेला अर्धा ताव पुन्हा घालू नये, कडांचा गोंद आत लागतो.

लेबलावर बारकोडखाली तोच क्रमांक डोळ्यांनी वाचता येईल असा छापावा. त्याशिवाय हाताने नोंद करण्याचा मार्गच उरत नाही.

सावधान: छपाईच्या मध्येच कागद अडकला की संपूर्ण संच पुन्हा छापला जातो, आणि आधीची निघालेली वीस-पंचवीस लेबले तशीच टेबलावर राहतात. एकच क्रमांक दोन चलानांवर जाण्याचे हे सर्वांत सामान्य कारण आहे. अडकल्यास शेवटचे नीट निघालेले लेबल पाहून पुढच्या क्रमांकापासून छपाई सुरू करावी आणि अर्धवट लेबले लगेच फाडून टाकावीत.

टप्पा ५: लेबल चिकटवण्याची जागा आणि दिशा

या टप्प्याकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते, आणि वाचन फसण्याची निम्मी कारणे इथेच सापडतात असे माझे मत आहे.

जागा प्रत्येक प्रकारासाठी एकच ठरलेली असावी. आपल्या चलानाच्या नमुन्यात वरच्या उजव्या कोपऱ्यात ३५ मिलिमीटर रुंद आणि ६० मिलिमीटर उंच रिकामी चौकट छापून घ्यावी आणि तीत ‘येथे शिक्का मारू नये’ असे लिहावे. गेटवरचा सुरक्षारक्षक आवक शिक्का मारताना मोकळी जागा शोधतो, आणि कोरे पांढरे लेबल हीच त्याला मोकळी जागा वाटते. निळ्या शाईचा गोल शिक्का बारकोडच्या मधोमध बसला की रेघांमधल्या जागा भरून जातात. शिक्क्यासाठी वेगळी, ठळक चौकट दिली तर हा त्रास बराच कमी होतो. त्याहून चांगले म्हणजे लेबल चलान परत आल्यावरच लावणे.

दिशेची गोष्ट त्याहून सूक्ष्म आहे. फीडर (कागद एकेक करून आपोआप आत ओढणारी सोय) असलेल्या स्कॅनरच्या अरुंद काचपट्टीवर व्हाईटनरचा किंवा गोंदाचा बारीक कण बसला, की कागद त्या एकाच बिंदूवरून सरकत जातो आणि प्रत्येक प्रतिमेवर कागद सरकण्याच्या दिशेने एक लांब रेघ उमटते. ए-४ कागद आखूड बाजू पुढे करून घातला असेल तर ही रेघ पानावर उभी दिसते. आता लेबल नेहमीसारखे सरळ चिकटवले असेल तर बारकोडच्या रेघाही उभ्याच असतात. ती नको असलेली रेघ दोन रेघांमधल्या पांढऱ्या जागेत, वरपासून खालपर्यंत, अगदी समांतर बसते. सॉफ्टवेअर बारकोड कोणत्याही उंचीवर आडवा छेदून पाहो, त्याला प्रत्येक वेळी एक जादा रेघ सापडते आणि वाचन अशक्य होते. तेच लेबल पाव वळसा फिरवून लावले तर बारकोडच्या रेघा आडव्या होतात, कचऱ्याची रेघ त्यांना काटकोनात छेदते, आणि तिच्या डावी-उजवीकडच्या स्वच्छ भागातून वाचन सुखरूप होते. म्हणून नियम असा धरावा की बारकोडच्या रेघा कागद सरकण्याच्या दिशेला काटकोनात असाव्यात.

शेअर सर्टिफिकेट, मुद्रांक कागदावरचे करार असे मूळ दस्तऐवज असतील तर त्यांवर काहीही चिकटवू नये. त्यांच्यापुढे साध्या ए-४ कागदावर बारकोड छापलेले विभाजक पान ठेवावे.

तपासणी: मोबाईलने बारकोड वाचला गेला म्हणून निर्धास्त होऊ नये. मोबाईलचा कॅमेरा एकामागून एक अनेक चित्रे घेऊन त्यांतल्या चांगल्यावरून वाचतो. स्कॅनरला एकच संधी असते. पहिली दहा लेबले कागदांवर लावून, ते कागद स्कॅन करून, त्या प्रतिमांवरच चाचणी घ्यावी.

टप्पा ६: गठ्ठ्याची तयारी

टाचण्या आणि स्टेपल काढावेत, दुमडलेले कोपरे सरळ करावेत, पातळ कार्बन प्रती वेगळ्या काढाव्यात आणि त्या शक्यतो फीडरऐवजी सपाट काचेवर स्कॅन कराव्यात. जुलै-ऑगस्टमध्ये कागद दमट होऊन एकमेकांना चिकटतात आणि एकदम दोन पाने आत ओढली जातात. गठ्ठा हाताने फुलवून घ्यावा, आणि स्कॅनरमध्ये दुहेरी पान ओळखणारा सेन्सर असेल तर तो चालू ठेवावा. चिकटवलेल्या लेबलाची जाडी दुहेरी पान समजून स्कॅनर थांबत असेल तर सेन्सर पूर्ण बंद न करता, सोय असल्यास, लेबलाचा भाग त्यातून वगळावा.

प्रत्येक गठ्ठ्यासोबत एक चिठ्ठी असावी. तीत गठ्ठ्याचा क्रमांक, पहिला आणि शेवटचा दस्तऐवज क्रमांक, दस्तऐवजांची संख्या आणि तयार करणाऱ्याची सही एवढे पुरे. ही संख्या स्कॅन करण्यापूर्वी हाताने मोजलेली हवी. स्कॅन झाल्यावर संगणकाने दाखवलेली संख्या चिठ्ठीवर उतरवली तर तपासणीला अर्थच उरत नाही.

टप्पा ७: स्कॅनरच्या मांडण्या

रिझोल्यूशन ३०० डीपीआय, रंग करडा, पाठपोट स्कॅनिंग चालू. थेट काळ्या-पांढऱ्यात स्कॅन केल्यास फिकट बारकोड तुटतो आणि गडद बारकोडच्या रेघा एकमेकींत मिसळतात, आणि नंतर ते दुरुस्त करता येत नाही. फाईल लहान करायची असेल तर ते काम बारकोड वाचून झाल्यावर करावे. हाच नियम ठिपके पुसण्याच्या सोयीला लागू आहे.

कोरी पाने आपोआप वगळण्याची सोय सुरुवातीला बंद ठेवावी. चलानाच्या पाठीवर फक्त ‘दोन नग कमी मिळाले’ एवढाच पेन्सिलचा शेरा असेल, तर ते पान कोरे ठरून जाऊ शकते, आणि वादाच्या वेळी नेमके तेच हवे असते.

टप्पा ८: सॉफ्टवेअरचे नियम

झीबार आणि झेडएक्सिंग ही मुक्त स्रोताची वाचन-साधने आहेत, आणि पेपरलेस-एनजीएक्ससारख्या दस्तऐवज-व्यवस्थेत बारकोडवरून दस्तऐवज वेगळे करण्याची आणि क्रमांक देण्याची सोय आहे. विकत घेतलेले कोणतेही सॉफ्टवेअर असले तरी पुढील गोष्टी त्यात शोधून काढाव्यात.

पहिली गोष्ट, नको असलेले बारकोड नाकारणे. एका इन्व्हॉइसवर आता आपल्या लेबलाखेरीज बरेच काही असते. ५ कोटी रुपयांहून अधिक उलाढाल असलेल्यांना १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इन्व्हॉइस सक्तीचे आहे आणि त्यावर स्वाक्षरीयुक्त क्यूआर कोड छापावा लागतो. जोडलेल्या ई-वे बिलावर त्याचा स्वतःचा कोड असतो, खोक्यावरून काढून चिकटवलेल्या पट्टीवर आणखी एक. सॉफ्टवेअरला ‘पहिला सापडेल तो घे’ असे सांगितले तर तो कोणता असेल याची खात्री नाही. म्हणून फक्त कोड १२८ हा प्रकार चालू ठेवावा, लांबी बरोबर दहा अंक अशी अट घालावी, पहिले दोन अंक आपल्या प्रकारांपैकीच असावेत आणि लून पडताळणी जुळावी. ई-वे बिलाचा क्रमांक बारा अंकी असल्यामुळे तो लांबीच्या अटीतच गळतो. ‘इंटरलीव्हड टू ऑफ फाइव्ह’ हा प्रकार आवर्जून बंद करावा. त्याचा अर्धाच भाग वाचला गेला तरी तो वैध क्रमांक वाटू शकतो, आणि तक्त्यांच्या रेघांतूनही तो उगाच ‘सापडतो’.

दुसरी गोष्ट, बारकोड सापडलेल्या पानाचे काय करायचे. विभाजक पाने वापरत असाल तर ते पान टाकून देण्याची मांडणी योग्य आहे. लेबल मूळ कागदाच्या पहिल्या पानावर असेल तर मात्र ते पान ठेवण्याचीच मांडणी हवी. ही एक खूण चुकली की प्रत्येक चलानाचे पहिले पान गायब होते आणि मागे फक्त काट्याच्या पावत्या उरतात. एकाच गठ्ठ्यात दोन्ही पद्धती मिसळू नयेत.

तिसरी गोष्ट, शोधण्याचे क्षेत्र. बारकोड फक्त वरच्या उजव्या भागात शोधण्यास सांगितल्याने वेग वाढतो आणि चुका कमी होतात. पण क्षेत्र लेबलापेक्षा चहूबाजूंनी दोन-तीन सेंटिमीटर मोठे ठेवावे, आणि उलटे गेलेले पान क्षेत्राबाहेर पडते हे लक्षात घेऊन तसे पान थांबवून माणसापुढे यावे अशी व्यवस्था करावी.

सावधान: पहिल्या पानावरचा बारकोड वाचला गेला नाही, तर तो दस्तऐवज गुपचूप आधीच्या दस्तऐवजाच्या शेपटीला जोडला जातो. संगणक कोणतीही चूक दाखवत नाही. आपल्या चलानाची पाने साधारण किती असतात हे माहीत असते. त्याहून जास्त पानांचा प्रत्येक दस्तऐवज तपासणीच्या रांगेत जाईल असा नियम सॉफ्टवेअरमध्ये घालावा.

टप्पा ९: चाचणी आणि मेळ

खऱ्या कामाआधी पन्नासेक कागदांचा चाचणी गठ्ठा करावा आणि त्यात मुद्दाम वाईट कागद घालावेत: तेलाचे डाग पडलेला, शिक्का लेबलावर आलेला, तिरका, उलटा, लेबल नसलेला आणि एकच क्रमांक दोनदा आलेला. सगळे कागद वाचले जातात की नाही, हे पाहण्यासाठी ही चाचणी नाही. जे वाचले जाऊ नयेत ते थांबतात की नाही, ते पाहायचे आहे.

रोजच्या कामात प्रत्येक गठ्ठ्यानंतर तीन गोष्टींचा मेळ घालावा. चिठ्ठीवरची संख्या आणि तयार झालेल्या फाईलींची संख्या सारखी हवी. क्रमांकांच्या मालिकेत खंड नसावा; असल्यास तो रद्द झालेल्या चलानाचा आहे हे नोंदवहीत दिसावे. एकच क्रमांक दोन फाईलींना नसावा, आणि सॉफ्टवेअरने दुसऱ्या फाईलीने पहिली पुसून टाकली नाही ना, हेही पाहावे. मेळ बसेपर्यंत गठ्ठा कपाटात जाऊ नये. न वाचलेल्या कागदांचे क्रमांक टंकताना एकाने टंकावे आणि दुसऱ्याने प्रतिमा पाहून मान्य करावे.

टप्पा १०: नोंदवहीशी जोडणी

बारकोडने फक्त क्रमांक दिला. पक्षकार, तारीख, वाहन क्रमांक, रक्कम ही माहिती टॅली किंवा जे कोणते सॉफ्टवेअर असेल त्यातून त्याच क्रमांकाने जोडावी लागते. त्यासाठी चलान तयार करतानाच हा दहा अंकी क्रमांक त्यात नोंदला जावा, किंवा लेबल लावताना हँड स्कॅनरने चलान क्रमांकासमोर टिपला जावा. मराठी नावे असलेली यादी सीएसव्हीत (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी फाईल) काढताना ती युटीएफ-८ या युनिकोड अक्षरसंचातच जतन करावी. जुन्या याद्या श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये असतील तर त्या आधी युनिकोडमध्ये आणाव्यात, नाहीतर ‘कुलकर्णी’ असे शोधल्यावर एकही नोंद सापडणार नाही.

कागद फेकण्याची घाई करू नये. जीएसटी कायद्यानुसार हिशेबाची कागदपत्रे त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने ठेवावी लागतात, आणि अपील किंवा चौकशी चालू असेल तर त्याहूनही अधिक. मूळ कागद गठ्ठ्यांच्या क्रमानेच खोक्यांत ठेवावेत, खोक्यालाही बारकोड द्यावा आणि कोणता गठ्ठा कोणत्या खोक्यात आहे ते नोंदवावे.

अखेरची तपासणी स्कॅनिंग करणाऱ्याने करू नये. लेखा विभागातल्या कोणालाही फक्त पक्षकाराचे नाव आणि महिना सांगून तीन चलाने मागवावीत. त्याला प्रतिमाही मिळाली पाहिजे आणि खोक्यातला कागदही. तिन्हींपैकी एक जरी अडले तर त्याच गठ्ठ्याची चिठ्ठी काढून टप्पा ९ पासून पुन्हा मेळ घालावा.